चुकीची गोळी हाती पडली तर: एफडीए आणि ग्राहक आयोग, कोण किती कामाचं

औषध दुकानदाराने चिठ्ठीवरचं सोडून भलतंच दिलं, तर पुण्यात दाद मागायला मुख्य दारं दोन: अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, आणि जिल्हा ग्राहक आयोग. लोक एफडीएकडे भरपाई मागतात आणि आयोगात दुकानाचा परवाना रद्द करा म्हणतात. दोन्हीकडून हात हलवत परत.

एफडीए एक पैसा मिळवून देत नाही, तरी आधी तिथेच जावं. औषध निरीक्षक दुकानात जाऊन बिलं, शेड्यूल एच-1 ची वही (त्या यादीतल्या औषधांच्या विक्रीची नोंद; ती 3 वर्षं ठेवावी लागते) आणि फार्मासिस्ट हजर असतो का, हे तपासू शकतो. गिऱ्हाइकाला हे कोण दाखवणार? औषध नियम 1945 मधल्या नियम 65 प्रमाणे शेड्यूल एच, एच-1 आणि एक्स या, चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या याद्यांमधल्या औषधाच्या जागी दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरी. त्यामुळे ‘कंपनी वेगळी, औषध तेच’ हे काउंटरवरचं ठरलेलं उत्तर टिकत नाही. दोष आढळला तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तपास संपला की अहवाल माहिती अधिकारात मागा, अर्जाला 10 रुपये. आयोगात तो कामाला येतो.

भरपाई मात्र आयोगाकडूनच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हद्द आणि फी ठरते ती मोजलेल्या किमतीवरून, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. 180 रुपयांच्या स्ट्रिपसाठी 10 लाख मागितले तरी प्रकरण जिल्हा आयोगातच, फी शून्य. वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते, औषध परगावी घेतलं असलं तरी तुम्ही पुण्यात राहता एवढं पुरे. मुदत 2 वर्षं. निकाल 3 महिन्यांत, असं कायदा म्हणतो. त्यावर विसंबून बेत आखू नका.

तक्रारी फसतात त्या बहुधा एकाच ठिकाणी: चूक सिद्ध होते, इजा सिद्ध होत नाही. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या गोळीच्या पाकिटावर ‘रोज 1’ लिहिलं गेलं, तर गोळ्या घेतल्याच्या तारखांशी जुळणारा, रक्तातल्या पेशी घटल्याचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट हवा. शिवाय ‘लिहिलं काय होतं, घेतलं काय’ याची डॉक्टरांनी केसपेपरवर केलेली नोंद.

आणि स्ट्रिप! ‘आणा, बदलून देतो’ म्हटलं की लोक परत करतात. पुरावा तिथेच संपला. कापून दिलेल्या तुकड्यावर बॅच नंबर अनेकदा नसतोच, म्हणून तो बिलावर हवा. यूपीआयचा मेसेज म्हणजे बिल नव्हे, त्यातून पैसे गेले एवढंच कळतं.

अक्षर लागत नव्हतं, ही दुकानदाराची सबब लंगडी आहे; डॉक्टरांना फोन करून विचारणं त्याचं काम. तरी चूक नेमकी कोणाची ते कळत नसेल, तर डॉक्टर आणि दुकानदार दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा. ॲपवरून मागवलं असेल तर ॲपसोबत बिलावर छापलेला परवानाधारकही.