मनी प्लांटच्या छाटणीसाठी बारीक टोकाची स्प्रिंगची कात्री: कुठे चालते, कुठे अडते

मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, ट्रेडेस्कॅन्शिया, होया अशा लोंबत्या वेली छाटायला बहुतेक जण बागेतला फांद्या छाटायचा सिकेटर घेतात, नाहीतर टेबलाच्या खणातली कागद कापायची कात्री. या दोन्हींहून वेगळी अशी एक कात्री मिळते. लांबी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर, दोन अरुंद सरळ पाती, सुईसारखं निमुळतं टोक, मुठींच्या मध्ये स्प्रिंग आणि पाती बंद ठेवायला खटका. घरातल्या वेलींसाठी हीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र घेताना टोक पारखून घ्यायचं. पात्याची लांबी आणि मुठीचा रंग दुय्यम.

टोकाला एवढं महत्त्व का, हे वेलीची रचना पाहिली की कळतं. मनी प्लांटच्या प्रत्येक पेरावर एक पान, एक हवाई मुळाचा फुगीर ठिपका आणि पानाच्या बगलेत एक निजलेला डोळा, म्हणजे नव्या कोंबाची कळी, असतो. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरत राहतं आणि या डोळ्यांना वाढू देत नाही. शेंडा कापला की तो दाब जातो आणि कापाच्या लगेच खालचा डोळा फुटतो. म्हणून काप पेराच्या वर ५ ते ६ मिलिमीटरवर हवा. त्याहून जवळ गेला तर डोळ्यालाच इजा होते. दोन पेरांच्या मधोमध कापलं तर वर उरलेला खुंट पेरापर्यंत वाळत जातो, आणि दमट हवेत सडतोही. गच्च भरलेल्या कुंडीत, पाच-सहा वेली एकमेकींत गुंतलेल्या असताना, एवढा नेमका काप जाड टोकाच्या कात्रीने साधत नाही. शेजारची वेल किंवा पानाचा देठ हमखास कापला जातो.

सिकेटरचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक इथे फार मोलाचा आहे. एका प्रकारात धारदार पातं सपाट पट्टीवर येऊन दाबतं. तो वाळलेल्या लाकडी फांद्यांसाठी ठीक, पण मनी प्लांटचं रसाळ खोड त्यात चेंगरतं, कडा काळी पडते आणि तिथूनच सड सुरू होते. हा प्रकार घरातल्या वेलींना लावूच नये. दुसऱ्या प्रकारात पाती एकमेकांना घासून जातात. त्याचा काप स्वच्छ असतो, पण तोंड जाड असल्याने कुंडीच्या मध्यात ते शिरत नाही. जुन्या, बोटाएवढ्या जाड झालेल्या खोडासाठी मात्र तोच हाताशी हवा. बारीक कात्री ५-६ मिलिमीटर जाडीपर्यंतच सुखाने चालते. त्यापुढे जोर लावला की पाती बाजूला फाकतात आणि खोड कापलं न जाता त्यांच्या मध्ये दुमडतं.

हे दुमडणं नव्या कात्रीतही दिसू शकतं, म्हणून घेतानाच परीक्षा करावी. टिश्यू कागद ओला करून तो पात्याच्या अगदी टोकाने कापून पाहायचा. बुडाशी कापला आणि टोकाशी दुमडला, तर पाती टोकाला एकमेकांना टेकत नाहीत. जोडावर स्क्रू असेल तर थोडा आवळून हा दोष जातो. रिव्हेट ठोकलेला असेल तर काही करता येत नाही, तेव्हा स्क्रूचाच जोड पाहून घ्यावा. स्प्रिंग मऊ हवी. कडक स्प्रिंगने ५०-६० काप झाले की अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. पाती स्टेनलेस पोलादाची असली तर गंजाची चिंता कमी. कार्बन पोलादाला धार अधिक चांगली येते, पण काम संपताच ते पुसावंच लागतं.

आता भरगच्चपणाबद्दल. नुसतं कापून मनी प्लांट दाट होईल अशी अपेक्षा ठेवू नका. ट्रेडेस्कॅन्शिया शेंडा खुडला की भराभर फांद्या काढते. मनी प्लांटला मात्र एका कापाखाली बहुतेक वेळा एकच नवा कोंब येतो, क्वचित दोन. म्हणजे एक वेल कापून पुन्हा एकच वेल. दाटपणा येतो तो कापलेले तुकडे त्याच कुंडीत परत लावल्याने. प्रत्येक तुकड्यावर एक पेर आणि एक पान पुरतं: पेराच्या वर अर्धा सेंटिमीटर, खाली दोन ते तीन सेंटिमीटर खोड. पेर पाण्यात बुडेल आणि पान वर राहील असं ठेवायचं, पाणी आठवड्याला बदलायचं. उबदार, उजेडाच्या जागी दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. ती ३ ते ५ सेंटिमीटर झाली की लगेच मातीत लावावं, कारण पाण्यात फार काळ वाढलेली मुळं मातीत रुळायला त्रास देतात. १५ सेंटिमीटरच्या कुंडीत रिकाम्या जागी असे पाच-सहा तुकडे बसतात. पेर नसलेलं नुसतं पान लावण्यात अर्थ नाही. त्याला मुळं फुटली तरी कोंब येत नाही.

बुडाशी उघड्या पडलेल्या वेली मातीपासून दोन पेरं ठेवून कापता येतात. पान गळलेल्या पेरावरचा डोळा बहुधा जिवंतच असतो. पण सगळ्या वेली एकाच दिवशी नकोत. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त काढू नये, आणि वाढीच्या उबदार महिन्यांतच काढावं. थंडीत कापलेली वेल आठवडेच्या आठवडे तशीच थिजून राहते. दोन पेरांमधलं अंतर लांबलचक झालं असेल तर ते उजेड कमी पडल्याचं लक्षण आहे. जागा न बदलता कापलं तर नवी वेलही तशीच येईल. पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या जातीत एखादी वेल पूर्ण हिरवी होत गेली, तर शेवटच्या ठिपकेदार पानाच्या पेरापर्यंत मागे कापावी. हिरवी वेल जोमाने वाढते आणि बाकीच्यांना झाकून टाकते.

होयाच्या बाबतीत एक सावधगिरी. फुलं झडल्यावर उरलेला छोटा दांडा वाळका दिसला तरी कापू नका, पुढच्या वर्षीची फुलं त्यावरच येतात. तिचा पांढरा चीक पात्यांवर गोंदासारखा बसतो, म्हणून ७० टक्के अल्कोहोलने भिजवलेला कापूस जवळ ठेवावा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना त्यानेच पाती पुसायची, म्हणजे रोगही पसरत नाही. कपडे पांढरे करायच्या ब्लीचने निर्जंतुक होतं खरं, पण पोलादावर खड्डे पडतात. मनी प्लांट आणि फिलोडेंड्रॉनच्या चिकात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्याने त्वचेला खाज सुटते. हातमोजे घालावेत, आणि मांजर-कुत्र्यांच्या तोंडी तुकडे लागू देऊ नयेत.

धार लावताना फक्त उताराची बाजू दगडावर घासायची, सपाट बाजूवर उठलेली कणी, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड, एकदाच हलक्या हाताने काढायची. सपाट बाजू घासत राहिलात तर दोन पात्यांत फट पडते आणि कात्री पुन्हा खोड दुमडू लागते. जोडावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे.

या कात्रीची खरी दुखरी बाजूही तिचं टोकच. एकदा फरशीवर पडली की ते वाकतं आणि सरळ होत नाही, म्हणून पात्यांवर टोपण येत असेल तीच निवडावी. मुठीत दाबायची असल्याने ती दोन्ही हातांनी चालते, पण डावखुऱ्या माणसाला वरचं पातं कापाची रेषा झाकतं. त्यांनी उलट्या पात्यांची, डावखुऱ्यांसाठी केलेली कात्रीच मागावी.