अकाउंट खरंच त्याचं होतं, आणि तिथेच मी फसलो

देवगडात आंब्याचा सीझन मे अखेरीला आटोपतो. २०२४ च्या सीझनला काकांच्या बागेत महिनाभर पेट्या भरल्या. त्याचे जे पैसे हातात आले, त्यातले साडेसहा हजार मी जूनमध्ये एका गेमच्या अकाउंटपायी घालवले. घरात गेम खेळणारी मुलं असतील तर हे त्यांनाही वाचायला द्या.

गेम म्हणजे रेनबो सिक्स सीज. पाच जणांविरुद्ध पाच जण. एक टीम इमारत राखते, दुसरी आत घुसते. सुरुवातीला ४५ सेकंद मिळतात. तेवढ्यात राखणारे भिंतींना पोलादी पत्रे ठोकतात आणि बाहेरचे छोटे ड्रोन आत सोडून कोण कुठे बसलंय ते हेरतात. साधी भिंत गोळीनेही फुटते, वरच्या मजल्याची लाकडी जमीन फोडून खालच्याला टिपता येतं. पोलादी पत्रा मात्र थर्माइटसारखे मोजकेच ऑपरेटर, म्हणजे गेममधली पात्रं, कापू शकतात. त्यातही समोरच्या बँडिटने पत्र्याला बॅटरी लावून करंट सोडला असेल, तर आधी आपल्यातल्या कोणीतरी तो बंद करावा लागतो. एकट्याच्या जोरावर इथे काही होत नाही. म्हणून आमची टीम: दोघे कुडाळचे, एक कणकवलीचा, एक पुण्याला शिकायला गेलेला आणि मी.

अडचण माझीच होती. चौघे रँक्ड, म्हणजे हार-जितीवर रँक ठरते ते सामने, खेळायचे. त्याला लेव्हल ५० लागते आणि मी १७ वर होतो. पावसाळ्यात आमच्याकडे रोज संध्याकाळी लाईट जायची, लेव्हल वाढायची कशी? पोरं माझ्या जागी कोणीतरी अनोळखी पाचवा घेऊन खेळायची, ते मला फार लागायचं.

टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये जाहिरात दिसली. लेव्हल १४०, जवळपास सगळे ऑपरेटर, दोन बंदुकांवर ब्लॅक आइस. निळसर बर्फासारखी ती स्किन, म्हणजे बंदुकीचं रंगरूप, या गेममध्ये सगळ्यांना हवी असते. मेसेज केला तर समोरून मालवणीतच उत्तर आलं, "मी वेंगुर्ल्याचो, आपलोच माणूस." हे वाचलं आणि माझा अर्धा संशय तिथेच गेला. तो खरोखर वेंगुर्ल्याचा होता की नाही, ते मला आजही माहीत नाही.

त्याने स्क्रीन शेअर करून लॉगिन दाखवलं. क्लबहाऊस मॅपवर जाऊन सीसीटीव्ही रूमची भिंत थर्माइटने उघडून दाखवली. मला वाटलं, आणखी काय पुरावा हवा? पण त्या सगळ्यातून एवढंच कळत होतं की अकाउंट त्याचं आहे. ते चोरलेलं निघेल अशी भीती मला होती. पण अकाउंट विकणाऱ्याचं स्वतःचंच असणं हाच सगळ्यात मोठा धोका आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तीन हजार आधी, साडेतीन हजार मेलचा ताबा मिळाल्यावर, असं ठरलं. पैसे पाठवताना ॲपवर नाव आलं ते एका बाईचं. विचारलं तर म्हणाला, "आईचा खाता आसा." मी पुढे पिन टाकला. ते नाव बघून मी थांबायला हवं होतं. पासवर्ड बदलला, मेल बदलला, दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन माझ्या फोनवर घेतलं, आणि आता हे अकाउंट पक्कं माझं असं धरून चाललो.

एकोणीस दिवस खेळलो. सिल्व्हरवरून गोल्डवर गेलो, कणकवलीचा मित्र माईकवर ओरडला होता त्या रात्री. विसाव्या दिवशी संध्याकाळी राउंड चालू असतानाच बाहेर फेकला गेलो. आधी वाटलं लाईट गेली, पण राउटरचे दिवे चालू होते. पुन्हा लॉगिन केलं तर पासवर्ड चुकीचा. अकाउंटवरचा मेलच बदललेला.

हे कसं होतं ते मला नंतर कळलं. विकणारा कंपनीच्या सपोर्टला लिहितो की माझं अकाउंट हॅक झालंय. त्याच्याकडे गेम विकत घेतल्याची जुनी पावती असते, अकाउंट उघडतानाचा पहिला मेल असतो. कंपनीच्या नियमांत अकाउंट विकता किंवा दुसऱ्याला देता येतच नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी मालक तोच आणि हॅकर मी. पासवर्ड, मेल, व्हेरिफिकेशन, मी जे जे बदललं होतं ते त्या पावतीपुढे टिकत नाही. आठ दिवसांनी तेच अकाउंट दुसऱ्या ग्रुपमध्ये विक्रीला दिसलं, आणि जाहिरातीत मी मिळवलेला गोल्ड रँक ठळक लिहिलेला.

मी त्याच ग्रुपमध्ये चिडून लिहिलं, तर तासाभरात दुसऱ्याच एकाचा मेसेज आला: पैसे परत मिळवून देतो. त्याने मला यूपीआयवर पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवली आणि म्हणाला, रिफंड आहे, फक्त पिन टाका. माझी ताई पतसंस्थेत कामाला आहे. ती मागेच उभी होती. तिने फोन हातातून काढून घेतला. "पैसे येताना पिन लागत नाही रे. पिन मागितला म्हणजे तुझे जाणार." व्यक्ती-व्यक्तीमधल्या अशा रिक्वेस्ट ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्यात, पण क्यूआर कोड पाठवून हाच डाव अजून टाकतात.

ताईनेच मला १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावायला लावला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रारही नोंदवली. चॅट, व्यवहाराचे नंबर, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सगळं दिलं. पण पैसे देऊन तीन आठवडे होऊन गेले होते आणि त्या खात्यात काही उरलं नव्हतं. तीन आठवडे खेळू देण्यामागचं कारण मला तेव्हा उमगलं. १९३० वर लगेच कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी खात्यात अडवता येतात. मला मात्र तेवढे दिवस तक्रार करण्यासारखं काही घडलंय असंच वाटत नव्हतं.

पोरांना सांगायला मी चार दिवस घेतले. कोणी हसलं नाही. आता माझ्या जुन्याच अकाउंटवर चौघे माझ्याबरोबर साधे सामने खेळतात, ४३ पर्यंत आलोय.

गेल्या महिन्यात गुहागरच्या एका मुलाने मला विचारलं, असं असं अकाउंट मिळतंय, घेऊ का? त्याने पाठवलेल्या फोटोत तेच दोन ब्लॅक आइस होते. अर्धे पैसे त्याने दोन तासांपूर्वीच भरले होते. मी त्याला फोन चालू ठेवूनच दुसऱ्या फोनवरून १९३० लावायला सांगितलं. त्याचे अडीच हजार समोरच्या खात्यात गोठवलेत असं त्याला कळवलंय. ते हातात यायचे आहेत अजून.