लॉ स्कूलचा समावेशन कक्ष: पाचपैकी साडेतीन तारे

मी अडखळत बोलते. 'प' आणि 'क' घशातच रुतून बसतात, आणि माझं नाव नेमकं 'प'वरून सुरू होतं. कायद्याला प्रवेश घेतला म्हटल्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग कोर्टात काय करणार?" आमच्या लॉ स्कूलमध्ये मात्र तो कुणी तोंडावर विचारला नाही. अशा प्रश्नांसाठी इथे वेगळा कक्षच आहे. विविधता, समावेश, आपलेपणा, सगळं एकाच पाटीवर मावलंय. दोन वर्षं तो कक्ष वापरून झाल्यावर हे लिहितेय.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखरच चांगलं आहे. लँगडेल या प्राध्यापकानं 1870 पासून हार्वर्डमध्ये रुजवलेली केस-पद्धत, म्हणजे जुने निकाल वाचून त्यावरच्या प्रश्नोत्तरांतून कायदा शिकणं, आमच्याकडेही चालते. सर अचानक नाव पुकारतात. मग उभं राहायचं आणि केसमधल्या घटना, मुद्दा, निकाल सांगायचा. पहिल्याच आठवड्यात माझं नाव आलं. मला 'प्रतिवादी' म्हणायचं होतं. 'प्र'वरच गाडी अडली. मागून कुणीतरी मदत म्हणून 'प्रतिज्ञापत्र' असं पुरवलं आणि मी सुटकेच्या भरात मान डोलावली. उत्तर चुकलं. केस मी तीनदा वाचली होती हो!

कक्षातल्या मॅडमनी हे सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही माझं वाक्य पूर्ण केलं नाही, याचे पूर्ण गुण. मला वाटलं होतं, 'हिला वर्गात विचारू नका' अशी चिठ्ठी सरांकडे जाईल. त्यांनी वेगळंच केलं. पुढच्या आठवड्यापासून, ज्यांना प्रश्न विचारले जाणार अशा आठ जणांची नावं दोन दिवस आधी लागायला लागली, सगळ्या वर्गासाठी. हे कोणामुळे झालं, कुणालाच कळलं नाही. रात्रपाळी करून येणारा एक जण आणि इंग्रजी निकाल सावकाश वाचणारी एक मुलगी, दोघंही त्या महिन्यात पहिल्यांदा बोलले. मी अजूनही अडखळते, पण आता कुठे अडखळणार ते आधीच ठाऊक असतं.

उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो, तेही उत्तम. त्यावर जास्त काय लिहिणार?

आता मेंटॉर योजना. प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म भरून घेतात. मी 'घराण्यात पहिलीच वकील' आणि 'दिव्यांगत्व', अशा दोन चौकटींवर खुणा केल्या. निकाल असा की, अशा खुणा केलेले आम्ही सगळे एका गटात, पॅसेजच्या टोकाच्या खोलीत, वेगळ्या वेळेला. मेंटॉर प्रेमळ होते, चहाही मिळायचा. पण सीनियरांच्या नोट्स, कोणते सर पेपरात काय शोधतात, इंटर्नशिपसाठी कुणाला मेल करायचा, हे सगळं फिरत होतं लायब्ररीतल्या मोठ्या टेबलावर. त्याच वेळी आम्ही आपापसात वेळापत्रक कसं आखावं यावर चर्चा करत बसलेलो.

गंमत बघा, त्याच महिन्यात आम्हाला मॅकलॉरिनची केस होती. ओक्लाहोमा विद्यापीठानं या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश तर दिला, पण आधी वर्गालगतच्या खोलीत, मग वर्गातच वेगळ्या रांगेत बसवलं. लायब्ररीत आणि कॅफेटेरियातही त्याचं टेबल वेगळं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 5 जून 1950 ला हे घटनाबाह्य ठरवलं, कारण इतरांशी चर्चा करता आली नाही तर तो आपला पेशाच नीट शिकू शकणार नाही. टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलनं प्रवेश नाकारलेल्या स्वेट या कृष्णवर्णीय अर्जदाराचाही निकाल त्याच दिवशी आला. टेक्सासनं कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या वेगळ्या लॉ स्कूलमध्ये 23 विद्यार्थी होते, विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये 850. आमची खोली म्हणजे त्या रांगेसारखा अन्याय अजिबात नाही, आमच्याकडे हेतू चांगलाच आहे. पण त्या दिवशी वर्गात आमच्या गटातल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, एवढं खरं. अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये मी लिहिलं: गट मिसळा, मेंटॉर विषयानुसार द्या. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे."

मेंटॉर योजनेचा एक तारा गेला, अर्धा आणखी कापला तो मूट कोर्टमुळे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खोट्या खटल्यामुळे. फेरीत पाच मिनिटं वाढवून हवी होती. कक्ष म्हणाला, मूट कमिटीला विचारा. कमिटी म्हणाली, कक्षाचं पत्र आणा. पत्र आलं फेरीच्या दुसऱ्या दिवशी. मेमोरियलचा, म्हणजे लेखी युक्तिवादाचा, मोठा भाग मी लिहिला होता, तरी न्यायाधीशांपुढे जोडीदार बोलला आणि मी शेजारी बसून चिठ्ठ्या सरकवत राहिले. एका चिठ्ठीवर 'पान 14, परिच्छेद 3' लिहिलं होतं. त्यानं ती घाईत उलटी धरली.

यंदा अर्ज सत्राच्या पहिल्याच दिवशी टाकला. पत्र हातात आहे, शिक्क्यासकट. फेरी येत्या गुरुवारी आहे आणि यावेळी पहिली बोलणार मी. तारे वाढवायचे का, ते शुक्रवारी बघते.