सहा शनिवारचा तारण-वर्ग : चार स्टार, पाचवा का कापला ते सांगते

मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पोस्टर टाकलं, "तारण : पश्चात्ताप आणि आज्ञापालन, सहा शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, फी ४०० रुपये, झेरॉक्स नोट्स आणि चहा धरून". चर्चच्या भाषेत तारण म्हणजे पापातून सुटका, पण मी पतसंस्थेत सोनेतारणच्या काउंटरला बसते, त्यामुळे ऑफिसात ज्याला दाखवलं तो म्हणाला ताई रविवारी चर्चमध्ये पण तारणच का. हसून सोडलं, पण पहिल्याच दिवशी वर्ग घेणाऱ्या सरांनी (चर्चचे रिटायर्ड पाळक आहेत, आवाज खणखणीत) हाच शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारलं, काहीतरी गहाण ठेवल्याशिवाय तारण मिळत नाही असं कोणाकोणाला वाटतं? अर्धा हॉल हात वर. माझा पण.

तसं मी गेले होते मिस्टरांशी चाललेलं भांडण जिंकायला. ते वसईचे कॅथलिक, मी नगरची प्रोटेस्टंट, मिशन कंपाउंडात वाढलेली, लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी हे भांडण काही शिळं होत नाही. ते म्हणणार तुम्ही लोक "विश्वास ठेवला, झालं" म्हणून मोकळे, मी म्हणणार तुम्ही शनिवारी पापनिवेदन करून पाटी कोरी करता आणि सोमवारी परत तेच गिरवता.

वर्ग पुण्यात एका चर्चच्या हॉलमध्ये होता, नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार पण आहे.

पहिला शनिवार निव्वळ शब्दांवर गेला आणि मला वाटलं पैसे वाया, पण नाही. सर म्हणाले आपला मराठी शब्द बघा, पश्चात् आणि ताप, म्हणजे मागाहून होणारी जळजळ. पण बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द आहे मेटानोया, म्हणजे मन बदलणं, आणि जुन्या करारातलं हिब्रू क्रियापद आहे शूव, म्हणजे सरळ मागे फिरणं, रस्ता चुकलेला माणूस फिरतो तसं. आपल्या शब्दात जळजळ आहे, वळणं नाहीये. म्हणून आपण चर्चमध्ये रडतो आणि समजतो काम झालं. हे मला लागलं, कारण मी रडणाऱ्यांपैकी आहे.

दुसरा शनिवार इतिहासाचा, प्रोजेक्टर दोनदा बंद पडला. मत्तय ४:१७ मधलं येशूचं "पश्चात्ताप करा" जुन्या लॅटिन बायबलमध्ये अशा शब्दांत होतं की त्याचा अर्थ "प्रायश्चित्त करा" असाही लागायचा, मग १५१६ मध्ये इरॅस्मस नावाच्या विद्वानाने मूळ ग्रीक नवा करार छापला, त्यात मेटानोया शब्द दिसला, आणि १५१७ मध्ये लूथरने (आम्हा प्रोटेस्टंटांची सुरुवात ज्याच्यापासून झाली तो) ९५ मुद्दे काढले त्यातला पहिलाच याच वचनावर, की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. मी मनात म्हटलं चला, जिंकले. आणि लगेच सरांनी ट्रेंटच्या धर्मपरिषदेचा १५४७ चा ठराव वाचून दाखवला, त्यात कॅथलिक चर्चनेही स्पष्ट म्हटलंय की माणसाला देवापुढे नीतिमान ठरवणारी कृपा आधीच्या विश्वासाने किंवा कृत्यांनी कमावता येत नाही. फरक आहे तो पुढे, माणूस त्या कृपेला साथ देतो म्हणजे नेमकं काय करतो यावर. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये लूथरन (लूथरच्या परंपरेतले) आणि कॅथलिकांनी या विषयावर एकत्र सह्या पण केल्यात. घरी येऊन हे मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले मग आपणच का भांडतोय, आणि टीव्ही लावला.

तिसरा शनिवार मात्र पूर्ण पैसे वसूल. जक्कय. संडे स्कूलपासून ऐकलेली गोष्ट, बुटका जकातदार, उंबराचं झाड, वगैरे. सर म्हणाले लूक १९ फक्त क्रमाने वाचा, कोण आधी काय बोललं ते बघा. येशू आधी म्हणतो आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. तेव्हा जक्कयने एक पैसा परत केलेला नाही, माफीचा शब्द काढलेला नाही. मग तो उभा राहून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. आणि त्याच्यानंतर येशू म्हणतो आज या घराला तारण झालं. म्हणजे आमंत्रण फुकट, पण घोषणा झाली ती हिशोबाची वही उघडल्यावर. आता मला सांगा, यात पैसे देऊन तारण घेतलं का? घेतलं नाही, पाहुणा तर आधीच घरी यायला निघालेला. पण वही बंद ठेवून ते वाक्य ऐकायला मिळालं असतं का? सरांनी दोन्ही प्रश्न फळ्यावर ठेवले आणि उत्तर दिलं नाही, जे मला आवडलं.

हिशोबातली मी असल्यामुळे पुढचं फार भावलं. लेवीय सहाव्या अध्यायात फसवून घेतलेल्या मालाची परतफेड आहे मुद्दल अधिक पाचवा हिस्सा, म्हणजे वीस टक्के. चौपट आहे ती निर्गम २२ मध्ये, चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं असेल तर. म्हणजे जक्कयने स्वतःला स्वतःच कडक कलम लावलं, सवलत मागितली नाही. काउंटरला मी रोज बघते, ज्याला खरंच दागिना सोडवून न्यायचा असतो तो व्याजावर घासाघीस करत बसत नाही.

होमवर्क होतं एक कागद, "मी कोणाचं काय देणं लागतो", कोणाला दाखवायचं नाही. माझ्या कागदावर चार ओळी झाल्या. एक मिटवली, आईच्या पाटल्यांवरून बहिणीला जे बोलले होते ती. बाकीच्या तीन अजून आहेत.

चौथ्या शनिवारी मागच्या रांगेतल्या एका काकांनी बॉम्ब टाकला, सर, येशूला पैसे घेऊन पकडून देणाऱ्या यहूदाने पण ३० च्या ३० नाणी परत केली, मग त्याचं काय? हॉल चिडीचूप. सरांनी मत्तय २७ काढला, तिथे ग्रीकमध्ये मेटानोया नाही, दुसरा शब्द आहे, पस्तावण्याचा. पैसे त्याने याजकांकडे नेले, ज्याला विकलं त्याच्याकडे गेला नाही. दुसऱ्या शिष्याने, पेत्राने, येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं, ढसाढसा रडला, पण योहान २१ मध्ये किनाऱ्यावर प्रभू आहे कळल्याबरोबर होडीतून पाण्यात उडी मारून निघाला. परतफेड एकाने केली, परत दुसरा आला. यावर मी दोन दिवस विचार करत होते, फोडणी करपली.

पाचव्याला येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरचा चोर, ज्याला बाप्तिस्मा, दानधर्म कशालाच वेळ मिळाला नाही आणि तरी जक्कयसारखाच "आज" हा शब्द येशूकडून त्यालाही मिळाला, "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील". त्याच्याच शेजारी रोमकरांस पत्र ठेवलं, जे सगळे विश्वासाचं पत्र म्हणतात, पण पहिल्या आणि शेवटच्या दोन्ही अध्यायांत ते लिहिणारा पौल "विश्वासाचं आज्ञापालन" म्हणतो. छान होतं, जरा घाईत.

आता तक्रार. सहावा शनिवार याकोबाच्या पत्राचा, म्हणजे आज्ञापालनाचा मुख्य दिवस, आणि सात वाजता क्वायरची प्रॅक्टिस म्हणून हॉल रिकामा करायला लावला. अख्ख्या नव्या करारात "केवळ विश्वासाने" हे शब्द एकदाच येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तेही "नव्हे" लावून, लूथरने १५२२ मध्ये त्या पत्राला गवताचं, म्हणजे हलकं, पत्र म्हटलं, हे सगळं दहा मिनिटांत उरकलं. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचंच उदाहरण देतात आणि वेगळ्या टोकाला पोचल्यासारखे वाटतात, त्यावर तर एक अख्खा शनिवार हवा होता. पोस्टरवर आज्ञापालन लिहिलंय ना, मग?

पण स्टार कापला तो त्यासाठी नाही. चौथ्या शनिवारी एका पोराने, असेल पंचविशीचा, विचारलं की मी दारू सोडतो, परत धरतो, तीनदा झालं, म्हणजे माझा पहिला पश्चात्ताप खोटा होता का. सर म्हणाले चांगला प्रश्न, पुढच्या वेळी घेऊ. पुढच्या वेळी घेतला नाही. तो पोरगा पाचव्याला आला होता, मग सहाव्याला आला नाही. एवढं ग्रीक, एवढं लॅटिन, आणि ज्याला खरंच गरज होती त्याचा टोकन नंबर पुकारलाच नाही.

बाकी चहा बरा, बिस्किटं पार्ले-जी, पार्किंग नाही, रिक्षाने जा. पुढची बॅच उपवासकाळात (ईस्टरच्या आधीचे आठवडे) घेणार म्हणाले, मिस्टर पण येतो म्हणतायत, बघू. झेरॉक्स फिकट आहेत, चष्मा न्या.

आणि तो पोरगा कुठे हे वाचत असेल तर लूक १७:४ उघड. भावाने दिवसातून सात वेळा अपराध केला आणि सात वेळा परत येऊन पश्चात्ताप झाला म्हणाला तरी क्षमा कर, असं माणसांना सांगितलंय तिथे. सातव्या वेळी आधीचे सहा खोटे धर, असं लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. चहाच्या वेळी तू माझ्या शेजारीच कप घेऊन उभा होतास, तेव्हा सुचलं नाही.