बारावी कॉमर्सचं स्टॅट: ट्युशन लावायची का घरीच भागवायचं

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मामेबहिणीचा फोन. बारावी कॉमर्स, कॉलेज तालुक्याला, गाव तिथून अठरा किलोमीटर. "दादा, सरांनी रिग्रेशन एका तासात संपवलं, फॉर्म्युले फळ्यावर लिहिले आन् म्हणे उतरवून घ्या. इंडेक्स नंबर तं घरीच करा म्हणे. ट्युशन लावू का मोबाईलवर होऊन जाईन?" मी म्हटलं दोन दिवस थांब, सांगतो. मी ह्याच खड्ड्यातून गेलोय, आमच्या टायमाला मॅथ्स अँड स्टॅटिस्टिक्सचं (गणित-संख्याशास्त्र, पोरं नुसतं स्टॅट म्हणतात) भाग दोनचं पुस्तक वर्गात जानेवारीत उघडलं आणि फेब्रुवारीत परीक्षा. आता जिनिंगमध्ये हिशोब लिहितो आणि संध्याकाळी गावातले तीन-चार पोट्टे वह्या घेऊन येतात, त्यांचंही दरवर्षी हेच, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

पहिले हे बघा की पैसे नेमके कशाचे मोजायचे आहेत. पेपर ८० चा, त्यात ४० भाग एकचे, ४० भाग दोनचे, वरचे २० प्रॅक्टिकलचे. भाग दोनमध्ये धडे आठ पण खरं स्टॅट म्हणावं असे चारच: रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज), टाइम सिरीज (काळानुसार बदलणारे आकडे), इंडेक्स नंबर (भाव किती वाढले ते मोजणं) आणि शेवटचा प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन (शक्यतांचं गणित). कमिशन-ब्रोकरेज आणि इन्शुरन्स-ॲन्युइटी हे शेकडेवारी-व्याजाचं काम, एलपीपी (लिनिअर प्रोग्रामिंग) आणि असाइनमेंट-सिक्वेन्सिंग (कामं वाटणं, क्रम लावणं) म्हणजे पायऱ्या डोक्यात बसल्या की सुटतात. म्हणजे चार धड्यांसाठी अख्ख्या विषयाची फी भरायची का, एवढाच सवाल आहे. ज्याचं भाग एकचं डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनही गेलंय त्याने मात्र जास्त डोकं लावू नये, सरळ ट्युशन लावावी, घरी बसून ते जमणार नाही.

ट्युशनचा सगळ्यात मोठा फायदा शिकवण्याचा नाही, बसवण्याचा आहे. घरी पोट्टं पुस्तक उघडते न उघडते तोच बाबा म्हणते मोटर पाहून ये, आई म्हणते वेचणीला बाई भेटत नाही, चल दोन तास. नोव्हेंबर-डिसेंबर कापसात जाते, पुढे तूर सोंगायची, आणि त्यातच बारावीचा अभ्यास. "ट्युशनला चाललो" हे कारण घरात चालते, "यूट्यूब पाहून राहिलो" हे कोणत्याच घरात चालत नाही बाप्पा.

पण तोटेही ऐका. मी साडेतीन हजार भरले होते, एका बाकावर चौघं बसायचो आणि सरांनी माझी वही वर्षभरात एकदाही पाहिली नाही. क्लासवाले बहुतेक भाग एकमध्येच रमतात, भाग दोन शेवटी पळवतात, म्हणजे कॉलेजात जे झालं तेच पैसे देऊन परत. म्हणून फी भरायच्या आधी तोंडावर विचारा की सर रिग्रेशन कधी घेता, वही तपासता का, दोन दिवस नुसतं बसू देता का. जो ह्यावर चिडते त्याच्याकडे जाऊ नका. दुसरं म्हणजे एसटी. पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास फुकट आहे, ते चांगलंच, पण पास फुकट असला म्हणून साडेसातची गाडी साडेसातला येत नाही, आणि डिसेंबरात सहालाच अंधार पडते. मामी ह्याच एका गोष्टीवर अडली होती आणि ती चुकीची नव्हती.

आता यूट्यूब. फुकट आहे, थांबवता येते, परत पाहता येते, मराठीतही बरंच आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका पोट्ट्याने पॉयसनचा (प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशनचाच एक प्रकार) व्हिडिओ तीन वेळा पाहिला, मी म्हटलं लिही, तर "समजा एक्स हे..." ही पहिली ओळही जमेना. त्याची चूक नाही, मान डोलवण्यात आणि लिहिण्यात फरक आहे. व्हिडिओ पाहायचा तर गणित समोर येताच थांबवा, स्वतः सोडवा, मग पुढचा भाग चालू करा, नाहीतर ती सिरीयलच.

दुसरी भानगड कॅल्क्युलेटरची. व्हिडिओवाला टकटक करून वर्गमूळ काढते आणि पुढे जाते, तुम्हीही घरी मोबाईलवर काढता, आणि बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. लॉग टेबल पाहता येत नसेल तर ते आज शिका, अर्ध्या तासाचं काम आहे. इंडेक्स नंबरात फिशरच्या पद्धतीने उत्तर काढायचं तर वर्गमूळ आलंच.

तिसरी, जी पोरांना कळतही नाही. खान अकॅडमीसारखे बाहेरचे इंग्रजी व्हिडिओ समजावतात खूप सुंदर, पण ते तिकडच्या अभ्यासक्रमाचे. सँपलचं व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) काढताना ते एन वजा १ ने भागतात (एन म्हणजे आकडे किती आहेत ते), आपलं बोर्डाचं पुस्तक एन ने भागते. रिग्रेशनच्या बीवायएक्समध्ये (एक्स एकाने वाढला तर वाय किती बदलते तो आकडा) कोव्हेरियन्स (एक्स-वाय मिळून किती हलतात ते) भागिले व्हेरियन्स असते, तर वर-खाली दोन्हीकडे एकच भाजक धरला की तो कटून जाते आणि उत्तर तेच येते, पण एक व्हिडिओतून उचललं आणि एक पुस्तकातून, की गेलं. "हे असं का" समजायला ते व्हिडिओ घ्या, पेपर त्यांच्या भरोशावर सोडू नका.

डायजेस्ट आणि पुस्तक ह्यात मी पुस्तकाकडे. बालभारतीचं पुस्तक ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहे, दोन्ही भाग, आणि धड्याच्या शेवटचा मिसलेनियस एक्सरसाइज करून पाहिल्याशिवाय आपलं किती पक्कं आहे ते कळत नाही. डायजेस्टमध्ये सगळं सोडवलेलं असते, तोच त्याचा गुण आणि तोच घात. हात अडला की डोळे आपोआप खालच्या ओळीवर जातात. घ्यायचं तर घ्या पण आईजवळ ठेवा, हसू नका, माझ्या बहिणीचं डायजेस्ट आता तांदळाच्या डब्यावर असते. जुने पेपर मात्र पाहिजेच, तालुक्याच्या कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडे मागच्या वर्षांचे गठ्ठ्याने भेटतात. कृती पूर्ण करा, चूक-बरोबर, रिकाम्या जागा, हे मार्क पोट्टे सोपे समजून सोडतात आणि तिथेच जातात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. कॉमर्सवाल्यांच्या इकॉनॉमिक्सच्या पुस्तकातही निर्देशांकाचा, म्हणजे इंडेक्स नंबरचाच धडा आहे, लास्पेअर (जुनं सामान धरून भाववाढ मोजायची पद्धत) आणि पाशे (आजचं सामान धरून) दोन्ही. स्टॅटचे सर पळवत असतील तर इकॉनॉमिक्सच्या मॅडमला पकडा, बऱ्याच वेळा त्या जास्त चांगलं सांगतात. हिंदी चालत असेल तर एनसीईआरटीचं अकरावीचं अर्थशास्त्रातल्या सांख्यिकीचं पुस्तकही फुकट आहे, त्यातला इंडेक्स नंबरचा धडा एकदा गोष्टीसारखा वाचून काढा.

किंवा घरच्या किराण्याची चिठ्ठी घ्या. समजा आधी तूरडाळ ८० रुपये किलो होती आणि ५ किलो आणायचो, तेल १०० होतं आणि २ आणायचो. आता डाळ १२० झाली म्हणून ३ वर आलो आणि तेल १४० होऊनही ३ लागते. जुन्या सामानाचा जुना खर्च ६००, तेच सामान आजच्या भावाने ८८०, म्हणजे लास्पेअर १४६.६७. आजचं सामान जुन्या भावाने ५४०, आजच्या भावाने ७८०, म्हणजे पाशे १४४.४४. लास्पेअर जास्त का आला? जी डाळ जास्त महागली तीच आपण कमी केली, आणि लास्पेअर अजून जुन्या ५ किलोलाच धरून बसलाय. एवढं एकदा समजलं की कोणत्या फॉर्म्युल्यात क्यू शून्य (जुनं सामान) आणि कोणत्यात क्यू एक (आजचं सामान) हा घोळ संपला.

एआय चॅटबॉट पोरं आता सर्रास वापरतात. पायऱ्या समजायला बरा, पण एकदा त्याने माझ्यासमोर सगळी पद्धत बरोबर लिहून एक्स-वायच्या गुणाकाराची बेरीजच चुकवली, आणि इतक्या भरवशाने की पोट्ट्याने पुस्तकामागचं उत्तर चूक ठरवलं. बेरीज आपल्या हाताने करा. बाकी त्याला पहाटे दोनलाही शंका विचारली तर ते वैतागत नाही, हे मानावं लागते.

मग ठरवायचं कसं. भाग एक बरा आहे, घरी दोन तास कोणी उठवत नाही, मोबाईल स्वतःचा आहे, तर ट्युशनचे पैसे वाचवा: पुस्तक, जुने पेपर, अडलं तेवढाच व्हिडिओ. घरी बसूच देत नसतील तर ट्युशन, मग ती थोडी कमअस्सल असली तरी चालेल. पण दोन्हीकडे वही पाहणारा एक जिवंत माणूस लागतोच. बीकॉम झालेली वहिनी, पतसंस्थेतला काका, कोणीही. त्याला स्टॅट आलंच पाहिजे असं नाही, उत्तर मागे दिलेलं असते, त्याने फक्त विचारायचं की ही ओळ कुठून आली.

बहिणीचं असं ठरलं की डिसेंबरपर्यंत घरी, रोज दोन गणितं, फोटो मला. पहिल्या आठवड्यात मी तिला एकच युक्ती दिली. रिग्रेशनची दोन समीकरणं दिली आणि कोणतं वाय ऑन एक्सचं, कोणतं एक्स ऑन वायचं हे सांगितलं नाही तर एक वाय ऑन एक्सचं समजून चाला, दोन्ही बी (बीवायएक्स आणि बीएक्सवाय) काढा, गुणाकार १ च्या वर गेला की अदलाबदल करा, कारण तो गुणाकार म्हणजे आरचा (एक्स-वायचा संबंध किती घट्ट ते सांगणारा आकडा, कोरिलेशन) वर्ग आणि तो १ च्या वर जाऊच शकत नाही. गणित दिलं: एक्स + २ वाय = २५ आणि ३ एक्स + २ वाय = ३५.

रात्री दहाला फोटो आला, अर्ध्या पानावर काट मारलेली. वरच्या अर्ध्यात बीएक्सवाय वजा २, बीवायएक्स वजा दीड, गुणाकार ३, आणि बाजूला "असं नाही होत". खाली परत, वजा १/२ आणि वजा २/३, गुणाकार १/३, एक्सची सरासरी ५, वायची १०. आर मात्र तिने अधिक लिहिला होता. मी काही बोलायच्या आत दुसरा मेसेज, "दादा थांब, दोन्ही बी मायनस हाय ना, मंग आर बी मायनसच."