हवामान विभागाचा चौकटवार पर्जन्यसंच : कोल्हापुरातून एक परीक्षण

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेला चौकटवार दैनिक पर्जन्यसंच भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गात वापरल्यानंतर मी त्याची निःशंकपणे शिफारस करतो. १९०१ पासूनचा पाऊस त्यात पाव अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटींत मांडलेला असल्याने २००५, २०१९ आणि २०२१ या महापुरांच्या वर्षांची तुलना वर्गातच करता येते. मात्र पाव अंश म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. गगनबावड्याच्या घाटमाथ्यावरचा धुवाधार पाऊस पूर्वेकडे शिरोळपर्यंत किती झपाट्याने ओसरतो, हे एवढ्या मोठ्या चौकटींत पुसट होते, म्हणून पंचगंगेच्या एखाद्या उपनदीच्या पाणलोटाचा अभ्यास केवळ यावर विसंबून करू नये. तारीख वाचतानाही सावधगिरी हवी, कारण नोंदवलेला पाऊस त्या दिवशी सकाळी ८.३० वाजता संपणाऱ्या २४ तासांचा असतो आणि आदल्या दुपारची सर पुढच्या तारखेला दिसली की विद्यार्थी गोंधळतात. (गोंधळलेलेच बरे, त्यातूनच नोंदपद्धती समजते.) फाइल वाचण्यासाठी पायथन या संगणकीय भाषेतील ‘आयएमडीलिब’ हे मुक्त साधन पुरेसे आहे, उणे ९९९ हा आकडा मात्र नोंद नसल्याची खूण असल्याने बेरजेपूर्वी वगळावा.