तीन इंच म्हणजे नक्की किती? बिडाचा पाइप, प्लास्टिकचा तुकडा आणि रबर कपलर (पाचपैकी साडेतीन तारे)

गिरगावातली आमची इमारत तीन मजली. मागच्या घरगल्लीत मोऱ्यांचं पाणी नेणारा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पाइप आहे. पहिल्या मजल्याच्या उंचीवर त्याला उभी चीर गेली होती, तीही भिंतीकडच्या बाजूने. पुढून बघाल तर ऑइलपेंट मारलेला, ठणठणीत. मागे ब्रश कधी पोचलाच नाही, तिथून तो गंजत गेला. दोन वर्षं आम्ही इपॉक्सी पुट्टी थापत होतो. ओल्या, गंजक्या बिडावर ती धरत नाही. पाऊस लागला की पापुद्र्यासारखी सुटायची आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीला ओल.

सोसायटीची सेक्रेटरी मी. अख्खी लाइन बदलायला पैसे नव्हते (ते कधीच नसतात). म्हणून खराब झालेला चार फुटांचा भाग कापायचा, तिथे एसडब्ल्यूआरचा, म्हणजे सांडपाण्यासाठीचा प्लास्टिक पाइप घालायचा आणि दोन्ही टोकांना रबर कपलर, असं ठरलं. कपलर म्हणजे जाड रबराची आखूड नळी, दोन्हीकडे स्क्रूने आवळायच्या स्टीलच्या पट्ट्या. पूर्वीसारखं सुतळी ठोकून शिसं ओतायची भानगड नाही. ऑनलाइन दोन मागवले. पाकिटावर ‘3 इंच’, आमचा पाइप तीन इंची, प्लास्टिकचाही तीन इंची. तरी बसेना!

बिडाच्या पाइपचं माप सांगतात ते आतल्या पोकळीचं, एसडब्ल्यूआरचं बाहेरचं. शिवणाची टेप आणून मी बिडाला गुंडाळली: 27 सेंटिमीटर. भागिले 3.14, म्हणजे 86 मिमी, त्यात रंगाचे थर आलेच. प्लास्टिकचा परीघ 23.6, म्हणजे 75 मिमी. नावाने जुळे, अंगाने एक सेंटिमीटरचा फरक. कपलर बिडावर झकास बसला, पण प्लास्टिकवर पट्टी शेवटच्या आट्यापर्यंत आवळली तरी गोल फिरत होता. प्लंबरदादा म्हणाले, “मॅडम, सायकलची ट्यूब गुंडाळतो, काही होत नाही.” दादांचा हात चांगला आहे, पण हे ‘काही होत नाही’ मी बँकेत तीस वर्षं ऐकलंय. ट्यूब नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात गेले. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, “बीड की प्लास्टिक? आणि बाहेरून किती?” तिथेच मी निम्मी खूश. एका बाजूला 85 आणि दुसरीकडे 75 असा कपलर त्याने काढून दिला. तारे द्यायचे ते या कपलरला. ऑनलाइनवाल्याने आधीचे दोन्ही परत घेतले, पण पाकिटावर बाहेरचं माप छापायला काय जातं?

बसवताना खरी मेहनत कापण्यात नाही, वरचा पाइप धरून ठेवण्यात आहे. बीड जड असतं. खालचा आधार गेला तर वरची लाइन कधी घसरेल सांगता येत नाही, म्हणून आधी भिंतीत दोन क्लॅम्प ठोकले, मगच ग्राइंडर चालला. बिडाची टोकं तारेच्या ब्रशने घासून गुळगुळीत केली. रंगाचे पोपडे राहिले तर रबराखालून पाणी वाट काढतंच. प्लास्टिक उन्हाने वाढतं, त्यामुळे तुकडा 10 मिमी आखूड कापला. त्यालाही स्वतंत्र क्लॅम्प, कारण रबर जोड धरतं, वजन नाही.

वरच्या जोडाला एक खोट राहिलीच. प्लास्टिकची पोकळी बिडापेक्षा बारीक, त्यामुळे आत छोटी कड येते आणि केस तिथे अडकणार. दादांनी कानसीने आतली धार तिरपी केली. खालच्या जोडाला ही काळजी नाही, तिथे बारकातून मोठ्यात पाणी जातं. तुमच्या लाइनवर सफाईचं झाकण नसेल तर याच कामात डोअर टी (असं झाकण असलेला जोड) घालून घ्या. आम्ही घातला नाही, आता चुटपुट लागते.

अकरा ते तीन मोरी वापरू नका, अशी चिठ्ठी जिन्यात लावली होती. पावणेबाराला तिसऱ्या मजल्यावरून एक बादली आलीच. दादांच्या डोक्यावर.

मे महिन्यात काम झालं. पूर्ण पावसाळा गेला, एक थेंब नाही. काकूंची भिंत वाळली, त्यांनी नवा रंगही दिला. तिसऱ्या मजल्याला उकळतं पाणी ओतू नका एवढं बजावलंय, हा प्लास्टिक पाइप साठेक अंशांपुढे नरम पडायला लागतो.

दीड तारा कापला तो पट्ट्यांसाठी. ‘स्टेनलेस’ म्हणून दिल्या, पण गणपतीत शिडी लावून पाहिलं तर स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस गंज. फ्रिजवरचं चुंबक नेलं होतं, ते स्क्रूला टपकन चिकटलं. रबर मात्र जसंच्या तसं आहे. बऱ्यापैकी पट्ट्या वेगळ्या मिळतात, चार घेऊन ठेवल्यात. दिवाळीच्या आधी दादा येतो म्हणालेत. चिठ्ठी मी आत्ताच लिहून ठेवली आहे, या वेळी अक्षर मोठं.